पुढच्या वेळी कुठे भेटायचं?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलं माणूस हमखास विचारतं, "आपण काय करत होतात?" एकदा मी सरळ सांगितलं, "माणसं थांबतात कशी, यावर संशोधन." शेजारच्या गृहस्थांनी हातातली जिलबी खाली ठेवली आणि उत्साहाने विचारलं, "म्हणजे सिग्नलला का?" पुण्यात सिग्नलला कोणी थांबत नाही, तेव्हा त्यांची उत्सुकता रास्तच होती. मी हो म्हणून टाकलं. मग त्यांनी मठ्ठा येईपर्यंत मला त्यांच्या घराजवळच्या चौकाची गाऱ्हाणी सांगितली आणि आमचं जेवण फार छान झालं.

खरं उत्तर असं आहे. बायकांवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल शिक्षा भोगून बाहेर आलेले पुरुष पुन्हा तसा गुन्हा करायचे थांबतात का, आणि थांबत असतील तर कसे, हे मी वीसेक वर्षं शोधत होते. हे वाक्य बोललं की शेजारची खुर्ची हळूहळू लांब सरकते. मी त्या खुर्चीला दोष देत नाही. माझी सख्खी बहीणही पाहुण्यांना "ही समाजशास्त्रात आहे" एवढंच सांगायची आणि पटकन चहाचं विचारायची.

काम ऐकायला सोपं होतं. आम्ही दोघंच होतो, मी आणि आमचे सर. प्रकल्प त्यांचा, पायपीट माझी. शिक्षा संपत आलेल्या माणसाला तुरुंगात जाऊन विचारायचं, बाहेर आल्यावर आमच्याशी बोलाल का? तयार असला तर दर सहा महिन्यांनी त्याला भेटायचं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. राहता कुठे, काम काय करता, कोणाशी बोलता, मनात काय येतं, आलं की काय करता. सगळं टेपरेकॉर्डरवर. मग शनिवार पेठेतल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून ते उतरवून काढायचं आणि कॅसेट लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवायची.

अवघड होतं ते पुढचं. गुन्हा घडला की त्याला तारीख असते, जागा असते, पंचनामा असतो. न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा कोण करणार? पोलिसांकडे नवी नोंद नाही, याचा अर्थ नवा गुन्हा नाही, असं आमच्या धंद्यातलं शहाणं माणूस कधी म्हणत नाही. बाया तक्रार करत नाहीत, केली तर घेतली जात नाही, हे आम्हालाही ठाऊक होतं. आणि माणूस स्वतः सांगतो त्यावर किती भरवसा ठेवायचा?

हा शेवटचा प्रश्न मला गाडीतळाने शिकवला. गाडीतळ म्हणजे माणूस. खरी नावं वहीत लिहायची नाहीत म्हणून मी प्रत्येकाला त्याच्या पहिल्या भेटीच्या जवळच्या बसस्टॉपचं नाव द्यायची. त्यामुळे माझं आणि सरांचं बोलणं बाहेरच्याने ऐकलं तर आम्ही पीएमटीत नोकरीला आहोत असं वाटलं असतं. "रामवाडी काल फार रडला." "गाडीतळाचं पुन्हा लग्न ठरतंय." तर हा हडपसरचा गाडीतळ फार गोड बोलायचा. डोळ्यांत पाणी, कपाळाला बुक्का, "मॅडम, तो माणूस मेला, हा नवा जन्मलाय." मी त्याच्या मुलाखतीची पानंच्या पानं सरांना वाचून दाखवली. दीड वर्षाने तो पुन्हा तशाच गुन्ह्यात आत गेला. त्या बाईचं नाव मला पोलिसांकडून कळलं. ते मी विसरलेले नाही आणि इथे लिहिणारही नाही. त्यानंतर माझ्यासमोर कोणी गोड बोलू लागलं की माझा चेहरा आपोआप कडू होतो. दुकानदारांना उगाच वाटतं की मला भाव पटला नाही.

माझे नियम थोडे होते, पण पक्के. भेट उघड्यावर, लोकांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. बागेतला बाक, वाचनालयाचं आवार, असं. त्यांच्या घरी जायचं नाही, कामाच्या जागी जायचं नाही. तुमचं नाव कोणाला कळणार नाही, पण कोणाला इजा करायचा बेत सांगितलात तर मी गप्प बसणार नाही, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायचं. आणि एक नियम मी स्वतः घातलेला. रस्त्यात समोरासमोर आलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही आधी दाखवलीत तरच मी दाखवीन. कारण त्यांच्या बरोबर कोणी असलं आणि त्याने विचारलं, "या बाई कोण?" तर उत्तर काय देणार?

फोनचंही तेच. सुरुवातीच्या वर्षांत फोन असायचा शेजारच्यांकडे किंवा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. मी निरोप ठेवायची, "पुस्तकाच्या दुकानातून बोलतेय. त्यांनी मागवलेलं पुस्तक आलंय." पुस्तक आलं म्हणजे भेटीची वेळ झाली. रामवाडी हा अकोल्याकडून कारखान्यात कामाला आलेला. त्याच्या घरमालकिणीने एकदा मला फोनवरच सुनावलं, "अहो, हा माणूस इतकी पुस्तकं मागवतो, पण खोलीत एक दिसत नाही. तुमचं दुकान आहे की काय आहे?" पुढच्या भेटीला रामवाडी रद्दीतून घेतलेलं शिवणकामाचं एक जाड पुस्तक काखेत मारून आला. "मालकीणबाईंना दाखवायला," म्हणाला. त्या दिवशी आम्ही दोघंही हसलो. मग हसू आलं याची मला घरी जाताना लाज वाटली.

घरी मी सरळ कधीच जात नसे. मुलाखत झाली की उलट्या दिशेची बस पकडायची, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं आणि तीच बस धरून परत यायचं. ऐकलेलं कोणाला सांगता येत नाही आणि सांगता आलं असतं तरी ऐकायला कोणी नव्हतं. सुनंदा होती, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. अत्याचार झालेल्या बायकांबरोबर ती कोर्टाच्या पायऱ्या चढायची. एक दिवस तिने मला शांतपणे विचारलं, "तू या पुरुषाला दर सहा महिन्यांनी विचारतेस, कसा आहेस, कुठे आहेस. त्या बाईला कोणी विचारतं का गं?" मी म्हटलं, हे थांबले तर पुढची बाई वाचेल, म्हणून करते. ती म्हणाली, "ते बरोबरच आहे. मी दुसरं विचारलं." त्यानंतर आम्ही भेटत राहिलो, पण पूर्वीसारख्या नाही.

आता मुंढव्याबद्दल लिहिते. खरं तर हा लेख त्याच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

मुंढवा शेतकरी घरातला. गाव पुण्याच्या पोटात गेलेलं. शेतात खुरपायला येणाऱ्या एका बाईवर त्याने अत्याचार केला होता. त्याने मला ते पहिल्याच भेटीत चार वाक्यांत सांगितलं, स्वतःला कुठेही सवलत न देता. "दारू प्यालो नव्हतो. रागात बी नव्हतो. ती एकटी हाय, हे दिसलं मला." ती बाई घरादारासकट गाव सोडून गेली होती. तो सुटून आला तेव्हा भावांनी जमीन बिल्डरला दिली होती. जिथे ते घडलं तिथे काचेची इमारत उभी राहत होती. गावात त्याच्याशी कोणी बोलेना. एका नर्सरीत त्याला काम मिळालं, गुलाबाला डोळे भरायचं. जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवून बांधतात, त्याला डोळा भरणं म्हणतात. त्याचा हात त्यात बसला.

एका भेटीत म्हणाला, "कलम धरलं म्हंजी झालं आसं न्हाई, मॅडम. खालून खुंटाला जंगली फुटवे येतातच. ते काढायला लागतात. ऱ्हायला एखादा, तर वरचं मरतं आन जंगलीच ऱ्हातं."

"किती दिवस काढावे लागतात?"

"कायमच की."

सरांना हे वाक्य भयंकर आवडलं. अहवालाच्या पहिल्या पानावर घालू, म्हणाले. मी घालू दिलं नाही. गाडीतळाने माझे कान पोळले होते, मला चांगली वाक्यं नको होती.

प्रत्येक भेटीच्या शेवटी, टेपरेकॉर्डर बंद केल्यावर, मी एक प्रश्न विचारायची, "पुढच्या वेळी कुठे भेटायचं?" तो संशोधनाचा भाग नव्हता, नुसती सोय. पत्ते बदलतात, म्हणून आधीच जागा ठरवून ठेवायची. बाकीचे जागा सांगून मोकळे व्हायचे. मुंढवा प्रत्येक वेळी थोडा गप्प व्हायचा आणि म्हणायचा, "काय म्हाईत. ऱ्हायलो तर हितंच." एकदा मात्र म्हणाला, "सा म्हैन्यांनी मी कुटं आसंन हे इचारणारं दुसरं कोन न्हाई बगा." मी ते हसण्यावारी नेलं. बस यायची वेळ झाली होती.

अशी काही वर्षं गेली. खराडीत कंपन्या आल्या, त्यांच्याभोवती हिरवळी आल्या. मग एका भेटीत मुंढव्याने माझ्या प्रश्नांना धड उत्तरंच दिली नाहीत. शेवटी टेपरेकॉर्डरकडे बोट करून म्हणाला, "ते बंद करा."

मी बंद केला.

"मालक मला खराडीला पाठीवतोय. कंपनीच्या बागंत, रोज. पगार वाढीवतोय. तितं सगळ्या पोरी, मॅडम. जेवून बागंत फिरत्यात, एकट्या बसत्यात फोनवर बोलत. मला तितं न्हाई जायाचं."

"काही मनात आहे का तुमच्या?" मी नियमाप्रमाणे विचारलं.

"न्हाई. पन मला माजा भरवसा न्हाई. मालकाला काय सांगू? खरं सांगितलं तर काम जाईल. तुमी सांगा की कायतरी. सांगा, याला उन्हाचा त्रास हाय, डाक्टरनी आत बसून काम कराया सांगितलंय. तुमचं ऐकंल त्यो."

माझ्या मांडीवर प्रश्नांची चळत होती. तिच्यात या प्रसंगासाठी एकही कागद नव्हता. बेत सांगितला असता तर काय करायचं हे ठरलेलं होतं. हा माणूस बेत सांगत नव्हता, कुंपण मागत होता. आम्ही पाहणारे. पाहणाऱ्याने हात घातला की मोजमाप बिघडतं, हे सरांनी माझ्या डोक्यात घट्ट बसवलं होतं. मी म्हणाले, "हे माझ्या कामात बसत नाही." आणि एका समुपदेशन केंद्राचा पत्ता कागदावर लिहून दिला. त्याने कागदाची नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मी विचारलं, "पुढच्या वेळी कुठे भेटायचं?" तो काही न बोलता उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "टेप बंद होता ना? मग ती नोंद नाही. तू बरोबर केलंस." मला तेव्हा हायसं वाटलं, हे कबूल करते.

सहा महिन्यांनी नेहमीच्या बाकावर मी दोन तास बसले. तो आला नाही. मग नर्सरीत फोन केला, पुस्तक आलंय म्हणून. मालक म्हणाला, "तो कधीच गेला सोडून. कंपनीत पाठवणार होतो, त्या दिवशी आलाच नाही. चांगला हात होता हो. वाढीव पगार दिला तर पळाला, काय करावं अशा माणसाला?"

फोन ठेवल्यावर मग माझ्या लक्षात आलं. ज्या गोष्टीचा आम्ही इतकी वर्षं शोध घेत होतो, ती माझ्या समोरच्या बाकावर घडली होती. एका माणसाने स्वतःपासूनचा धोका ओळखला होता आणि मदत मागितली होती, आणि मी नेमका तेव्हाच टेप बंद करून नियम दाखवला होता. आता तो कुठे होता? कामाशिवाय, गावाशिवाय, विचारणाऱ्या माणसाशिवाय. आणि तो घसरला, तर त्याची किंमत तो देणार नव्हता. देणार होती एखादी बाई, जिचं नाव मला पुन्हा पोलिसांकडून कळलं असतं. प्रकल्प चालू होता तोवर दर वर्षी मी त्याच्या नावाने नवी नोंद आहे का ते पाहून घ्यायची. नव्हती. नसण्याला किती अर्थ असतो, ते वर लिहिलंच आहे.

अहवालात त्याच्या ओळीपुढे मी लिहिलं, "संपर्क तुटला." प्रकल्प संपला. ठरल्याप्रमाणे खऱ्या नावांची यादी आणि कॅसेट नष्ट केल्या. पुढे सरही गेले. गाडीतळ म्हणजे कोण, मुंढवा म्हणजे कोण, हे माहीत असलेली मी एकटी उरले. सरांच्या शोकसभेत लोक त्यांच्या ग्रंथांबद्दल बोलले. मला सारखं वाटत होतं, कुणाला तरी हळूच विचारावं, "मुंढव्याचं काय झालं असेल हो?" पण ते कळणारं माणूस फोटोत होतं.

माझी भाची मृणाल खराडीत नोकरी करते. गेल्या वर्षी तिने तिकडेच फ्लॅट घेतला. "मावशी, बाल्कनी टोटली रिकामी दिसतेय गं, चल ना, प्लांट्स घेऊ," म्हणून मला गाडीत घातलं. हडपसरच्या पुढे रस्त्याकडेला बऱ्याच नर्सऱ्या आहेत. त्यातल्या एका लहानशा नर्सरीत आम्ही शिरलो. मालकीणबाई गल्ल्यावर होत्या. मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारा खाली बसून गुलाबाला डोळे भरत होता. मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

केस पांढरे झाले होते, पण तोच होता. त्याने ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. मी शेजारच्या कुंडीवरची चिठ्ठी मोठ्या एकाग्रतेने वाचत राहिले. तीवर "हात लावू नये" एवढंच लिहिलं होतं.

मृणालने दहा-बारा रोपं काढली आणि त्याला म्हणाली, "काका, तुम्ही घरी येऊन सेट करून द्याल का? मी एकटीच असते, मला काहीच जमत नाही. एक्स्ट्रा देईन मी."

"न्हाई ताई. मी कुनाच्या घरी जात न्हाई."

"अहो, जवळच आहे, खराडीला. गाडीने नेते, आणून सोडते."

"न्हाई म्हनलं ना."

मालकीणबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "तो नाही जायचा हो. दहा वर्षं झाली इथं, कधी कुणाच्या दारात गेला नाही. कंपन्यांच्या बागाही घेत नाही. कामाला लागला त्याच दिवशी सांगितलं होतं त्याने, इथंच बसून काय ते करीन. माझा भाऊ येईल उद्या तुमच्याकडे."

"ओके, बट का पण?" मृणालने त्यालाच विचारलं.

तो हातातल्या फांदीकडे बघत म्हणाला, "आपला नियम हाय."

मी एक गुलाब उचलला. काहीतरी घ्यायला हवं होतं. त्याने तो माझ्या हातून घेतला, खुंटाच्या तळाशी बोट फिरवलं आणि परत दिला. "सा म्हैन्यांनी घिऊन या. खालचं फुटवे काढून दितो."

"आणि माझे?" मृणालने विचारलं.

"तुमचं कंदी बी आना."

गाडीत मृणाल बराच वेळ धुसफुसत होती. "किती रूड यार! आणि तुला बरं सांगितलं सहा महिन्यांनी या. ओळखतेस का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पोरीने एका हाताने गाडी चालवता चालवता दुसऱ्या हाताने मला रुमाल दिला. वर काही विचारलं नाही, एवढे उपकार.

यातून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. मधल्या सगळ्या वर्षांचं मला काहीही माहीत नाही. आणि ज्या बाईला गाव सोडावं लागलं ती आज कुठे आहे, हे त्यालाही माहीत नाही आणि मलाही नाही. तिला मी शोधलं नाही. आता शोधणार तरी कोणत्या तोंडाने?

तरी सहा महिने झाल्यावर मी कुंडी पिशवीत घातली आणि एकटीच बसने गेले. सहा महिन्यांचं बोलून ओळख त्याने आधी दाखवली होती, तेव्हा तो नियम तरी मोडत नव्हता. मालकीणबाई समोर होत्या, म्हणून आम्ही दुसरं काही बोललो नाही. त्याने कुंडी पुढ्यात ओढली, माती बाजूला केली आणि खालून आलेले दोन फुटवे मुळापासून काढून टाकले. "आलंच हुतं बगा," म्हणाला. मी कुंडी पिशवीत घातली. दोन पावलं गेले आणि परत वळले.

"पुढच्या वेळी कुठे भेटायचं?"

या वेळी तो गप्प झाला नाही. "हितंच," म्हणाला. "मी हितंच आसतो आता."